गोव्यात जुनी स्पोर्ट्स कार घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्वरीत राहतो. बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, आता लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा बसून लिहून काढले. साध्या हॅचबॅकलाही यातलं बरंच लागू पडेल, पण मनात आहेत त्या दोन दारांच्या, जमिनीला पोट टेकवत चालणाऱ्या गाड्या.

आठ वर्षांची गाडी आणि फक्त १४,००० किलोमीटर! लॉटरीच लागली ना?

आधी हिशेब करा. १४,००० भागिले ९६ महिने, म्हणजे महिन्याला दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. मग विचारा, उरलेला वेळ गाडी कुठे उभी होती?

आसगाव, शिवोली, मोरजी या पट्ट्यात अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांचे मालक दिल्ली-मुंबईत राहतात. डिसेंबरात येतात, आठ-दहा दिवस छप्पर उघडून फिरतात आणि जातात. गाडी मागच्या अंगणात कव्हरखाली. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत प्लॅस्टिकच्या कव्हरखाली गाडी वाळत नाही, उकडते. ब्रेकच्या डिस्कवर गंजाचे खड्डे पडतात, कॅलिपर अडकतात, टायर एकाच जागी दाबून चपटे होतात, एसीच्या कॉम्प्रेसरचं सील सुकतं, सीटवर बुरशी येते आणि वायरिंग उंदीर खातात. हे काहीही ओडोमीटरवर दिसत नाही.

मला ४५,००० चाललेली, दरवर्षी सर्व्हिसचं बिल असलेली गाडी दाखवा, मी तिच्याकडे आधी जाईन. कमी किलोमीटरसाठी लोक वर दोन-तीन लाख मोजतात. मी एक रुपया मोजत नाही. उलट उभी राहिलेली गाडी असेल तर तेवढे कापतो.

गाडी कशी ठेवली होती हे कळणार कसं? मालक तर "गॅरेजमध्येच होती" म्हणतो.

मालकाला म्हणू द्या. तुम्ही खाली वाका.

डिकीतलं कार्पेट उचला आणि खालच्या खळग्यात हात फिरवा. ओल, लाल मातीचा थर, गंजलेला जॅक, यातलं काही सापडलं तर गॅरेजला छप्पर नव्हतं किंवा डिकीचं रबर गेलंय. मग सीट पूर्ण मागे-पुढे करून तिच्या रुळांचे बोल्ट बघा. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा. पाण्यात बुडालेल्या गाडीचा बेल्ट वरून धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, एसी आणि अत्तराची बाटली दोन्ही बंद. कुबट वास लपत नाही.

समुद्रकिनाऱ्याजवळची गाडी वेगळी ओळखू येते. मिरामार, दोनापावल, कोलवा इथल्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ॲल्युमिनियमसुद्धा पांढरी भुकटी सोडतं. पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा आणि एसी कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांना बोटाचं टोक हलकेच लावा. चुरा होऊन पडल्या तर बॉनेटच्या बिजागऱ्या, सायलेन्सरचे हुक, ब्रेकचे लोखंडी पाइप, सगळं त्याच नजरेनं बघायचं.

इथे माझाच एक घोटाळा सांगतो. एका मित्रासाठी फेब्रुवारीत छप्पर उघडणारी दोन सीटची गाडी पाहिली. इंजिन सुरेख, रंग सुरेख, कार्पेट कोरडं ठाक. छपराच्या कडेच्या पाणी जायच्या नळ्यांकडे मी बघितलंच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता गाडीचा अलार्म आपोआप वाजायला लागला आणि सकाळी चावी ओळखेना. आंब्याच्या पानांनी नळी तुंबली होती, पाणी आत उतरून सीटखाली साचलं होतं आणि तिथेच अलार्म आणि लॉकिंगचा कंट्रोल युनिट बसवलेला होता. मित्र अजून बोलतो माझ्याशी, पण त्या गाडीवर नाही.

तेव्हापासून मी लिटरभर पाण्याची बाटली घेऊन जातो. छपराच्या खोबणीत हळूहळू ओततो आणि चाकामागून पाणी खाली पडतंय का ते बघतो.

मग बघायला जायची योग्य वेळ कोणती?

जुलै. गिऱ्हाईक नसतं, भाव नरमलेला असतो आणि गळणारी गाडी गळतानाच दिसते. नोव्हेंबरात सीझन सुरू झाला की तीच गाडी पुसून-चमकवून जास्त भावाने उभी राहते.

उघडणारं छप्पर तपासताना काय बघायचं?

तीनदा उघडा, तीनदा बंद करा, लागोपाठ. पहिल्यांदा सगळीच उघडतात. दोन्ही बाजू सारख्या वेगाने चालल्या पाहिजेत. मध्ये अडखळली, पंप घरघरला किंवा डिकीच्या कोपऱ्यात तेलाचा ओशटपणा दिसला तर हायड्रॉलिक सिलिंडर झिरपतोय. कापडी छप्पर असेल तर घडीच्या रेषा उजेडात धरून बघा. मागची काच जिथे कापडाला चिकटवलेली असते, ती कड नखाने तपासा. आपल्या दमटपणात आधी तीच सुटते.

इंजिनचं काय? मला आवाजातलं काही कळत नाही.

कळायची गरज नाही. एक अट घाला: मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. सकाळी नऊ वाजता बॉनेट कोमट लागलं तर ते आधीच फिरवून आणलंय, आणि का आणलं असेल याचा विचार करा. थंड इंजिनच खरं बोलतं: टायमिंग चेनची खडखड, निळा धूर, अडखळणारं आयडलिंग, सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात.

त्यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावा. नुसते एरर कोड बघून थांबू नका. आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर मेमरी स्वच्छ दिसेल, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण म्हणून दाखवेल. तसं दिसलं की पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो कोणीतरी मुद्दाम मारलाय.

मीटर मागे फिरवलंय का, हे ओळखता येतं?

बऱ्याच महागड्या गाड्यांत येतं. इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये ते किती तास चाललं याची नोंद असते. मागच्या वर्षी पाहिलेल्या एका गाडीवर मीटर होतं ३८,००० आणि इंजिनचे तास २,१००. भागाकार केला, ताशी १८ किलोमीटर. मुंबईच्या सिग्नलवर झिजलेली गाडी असती तर मानलं असतं, पण पहिल्या दिवसापासून गोव्यात असलेल्या गाडीची सरासरी तीसच्या आसपास यायला हवी. म्हणजे खरा आकडा साठ हजारांच्या पुढे. विक्रेत्याला कागदावर भागाकार करून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही घेतली तेव्हा असंच होतं." असेलही.

पोर्शेच्या गाड्यांत याशिवाय इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि कोणत्या तासाला फिरलं याचीही नोंद निघते. चुकीचा खालचा गिअर टाकलेली गाडी तिथे पकडली जाते. मॅन्युअल असेल तर ही नोंद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ॲक्सिडेंट झालाय का?

पेंट मीटर, म्हणजे रंगाची जाडी मोजणारा, दीड-दोन हजारांपासून मिळतो, विकत घ्या किंवा उसना आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५०-३०० आला तर पुन्हा मारलेला रंग. हजाराच्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय. स्वस्त मीटर फक्त लोखंडावर चालतो हे मात्र लक्षात ठेवा. अशा गाड्यांत ॲल्युमिनियमचे पॅनल सर्रास असतात, उदाहरणार्थ फोर्ड मस्टँगचं बॉनेट, आणि तिथे साधा मीटर गप्प बसतो किंवा काहीतरी भलतंच दाखवतो.

एखादा दरवाजा रंगवलेला असणं गुन्हा नाही. पणजीत १८ जून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला ओरखडा चुकत नाही. छत, खांब आणि पुढच्या दांड्यांवर लांबी सापडली तर मात्र चहासुद्धा न घेता निघा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची भीती वाटते.

वाटायलाच हवी. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक, त्यात कोरडा आणि तेलातला असे दोन प्रकार असतात. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी (त्यांच्या ड्युअल क्लचचं नाव) कोरड्या क्लचचा, आणि गिअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या तक्रारींसाठी बदनाम. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमधला तेलातला, बराच दणकट, पण त्याचं तेल वेळेवर बदललेलं असावं लागतं. बिल मागा. "लाइफटाइम ऑइल आहे" असं उत्तर मिळालं तर कोणाचं लाइफ ते विचारा.

तपासायची साधी रीत: चढावर ब्रेक सोडून अगदी हळू सरकू द्या, मग रिव्हर्स, मग पुन्हा ड्राइव्ह. झटका, थरथर, दोन सेकंदांचा विचार, यातलं काही नको.

कोणतं मॉडेल घ्यावं?

हे मी सांगत नाही, त्यावरून मैत्री तुटते. दोन गोष्टी मात्र सांगतो. २००८ पर्यंतची पोर्शे बॉक्सस्टर, केमन किंवा ९११ बघत असाल तर इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचं काय केलं ते विचारा. ते तुटलं तर इंजिनच जातं. ९११ टर्बो आणि जीटी३ यांची त्या काळातली इंजिनं वेगळी, त्यांना हा प्रश्न नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत ते बेअरिंगच काढून टाकलं. दुसरं, गाडी आवडण्याआधी तिचं वर्कशॉप कुठे आहे ते बघा. मुंबई किंवा बंगळुरू इथून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, आणि फ्लॅटबेडचं भाडं दर बिघाडाला द्यावं लागतं.

टेस्ट ड्राइव्ह कुठे घेऊ?

फक्त पणजीच्या अटल सेतूवर नको. तिथे सगळ्याच गाड्या छान पळतात. आधी गावातले गतिरोधक, खिडक्या खाली करून, रेडिओ बंद. सस्पेन्शनची टकटक तिथेच ऐकू येते, कारण रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यांवर आवाज आपटून परत येतो. मग हायवेवर मोकळ्या जागी ऐंशीवरून नेटका ब्रेक. स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क गेल्या. तुम्ही चोडण-दिवाडीकडे राहत असाल तर एकदा फेरीच्या रॅम्पवर चढवून उतरवून बघाच. बंपरचा पुढचा ओठ खरवडला तर तो आवाज रोज दोनदा ऐकायचाय.

आता मुद्द्याचं: किंमत कशी ठरवायची?

नवी केवढ्याला घेतली होती हे विसरा. मालक पंचावन्न लाखांचं जुनं बिल दाखवेल. ते त्याचं दुःख आहे, तुमचा भाव नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर सेससह पन्नास टक्क्यांपर्यंत जात होता तो ४० टक्क्यांवर आला. नवीन स्वस्त झाली की जुनीही खाली येते, आणि जुन्या बिलावर हे लिहिलेलं नसतं.

इन्शुरन्सच्या आयडीव्हीवरही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीवरही, जाऊ नका. पाच वर्षांपर्यंतची घट ठरलेली असते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक मिळून आकडा ठरवतात. मालक तो वाढवूनही लावतो.

मी असं करतो. समजा, नऊ वर्षांची दोन सीटर, मागणी २६ लाख. तसल्याच वर्षाच्या गाड्या गोवा, पुणे, मुंबई, बंगळुरूत कितीला लावल्यात ते महिनाभर बघतो. लावलेला भाव आणि सुटलेला भाव यांत फरक असतो, म्हणून जाहिरात अचानक गायब झाली की फोन करून विचारतो, "कितीला गेली हो?" बरेच जण खरं सांगतात, विकल्यावर खोटं बोलून काय मिळणार. समजा त्यातून चालू भाव २३ लाख निघाला.

मग कामांची यादी. चार टायर १ लाख २० हजार. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, खाचा कितीही खोल असल्या तरी तो टायर संपला. मागच्या डिस्क-पॅड ८० हजार. गिअरबॉक्सचं तेल ४५ हजार, छपराचे सिलिंडर ६० हजार, बॅटरी आणि एक सेन्सर ३५ हजार. एकूण ३ लाख ४० हजार. माझी पहिली बोली १९ लाख ६०.

विक्रेता म्हणेल, नऊ वर्षांच्या गाडीचे टायर झिजणारच. बरोबर आहे त्याचं. म्हणून झिजणाऱ्या वस्तूंचे निम्मे, म्हणजे एक लाख, मी सोडतो. राहून गेलेल्या सर्व्हिसचे आणि बिघाडांचे १ लाख ४० पूर्ण धरतो. २० लाख ६०, त्यावर मी जात नाही. बोलणी करताना आकडे तोंडी फेकू नका, यादी छापून समोर ठेवा. माणूस तुमच्याशी भांडतो, कागदाशी तितकंसं भांडत नाही.

वर दीड-दोन लाख पहिल्या वर्षासाठी बँकेत बाजूला हवेत. ते नसतील तर एक पायरी खालची गाडी बघा.

डीलरकडून की थेट मालकाकडून?

डीलरला त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. तो शेवटी तुमच्याच खिशातून जातो. बदल्यात निदान पाटी असलेलं दुकान मिळतं. मालकाकडून घेतली तर गाडी राहिली ते अंगण बघायला मिळतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. रोख मात्र कुठेच २ लाख किंवा जास्त देऊ नका. घेणाऱ्याला तेवढी घेता येत नाही.

आधी भाड्याने फिरत होती का?

गोव्यात भाड्याच्या गाडीची काळी पाटी, पिवळी अक्षरं. नंतर खासगी करून घेतलेली असेल तर वाहन पोर्टलवर आणि आरसीत वर्ग बदलल्याचं कळतं. पांढऱ्या पाटीवर गुपचूप भाड्याने दिलेली ओळखायची तर दोन्ही सीटची बाहेरची कड सारखीच झिजलीय का बघा आणि सीटच्या रुळात टाचणी फिरवा. वाळू निघते.

दिल्ली पासिंगची गाडी चार लाखांनी स्वस्त मिळतेय.

दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांमागे बरीच वर्षं कारवाईचं शुक्लकाष्ठ आहे, त्यामुळे तिथून स्वस्त निघतात. पण बाहेरच्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याची नोंदणी हवी, म्हणजे तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि तिकडचा परतावा मागण्याची पायपीट. हे सगळं मिळवून तुलना करा. पाँडिचेरी पासिंग दिसलं तर पत्त्याचा पुरावा खरा आहे का ते अगदी बारकाईने बघा.

कागदपत्रं?

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्यांसकट. कर्ज होतं तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. चासिस नंबर गाडीवरचा स्वतः वाचून आरसीशी ताडून बघा. सतरा अक्षरांत इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात. चलनं ऑनलाइन बघा. विमा १४ दिवसांत नावावर करा, तोवर तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे त्याचा हप्ता बघून तुमचा ठरवू नका.

रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) केलाय आणि मोठा सायलेन्सर बसवलाय. त्याचे जास्त द्यायचे का?

कमी द्यायचे. मूळ सायलेन्सर घरात पडलाय का विचारा, तोही व्यवहारात घ्या.

विक्रेता म्हणतो आजच टोकन द्या, दुसरा गिऱ्हाईक उद्या येतोय.

तो दुसरा गिऱ्हाईक गेली पंधरा वर्षं उद्याच येतोय. द्यायचंच तर दहा हजार, ऑनलाइन, आणि पावतीवर किंवा मेसेजमध्ये एवढं लिहून घ्या: गाडी नंबर, ठरलेली रक्कम, आठ दिवसांची मुदत, लिफ्टवर चढवून तपासताना दोष निघाल्यास टोकन परत. लिफ्टचा खर्च तुमचा. आणि तपासणीच्या आदल्या रात्री त्याला पुन्हा एक मेसेज टाका, "सकाळी गाडी सुरू करू नका."